चारशे घनइंचांची हद्द

मध्यम आकाराच्या गाडीत चारशे घनइंचांहून मोठे एंजिन बसवू नये, असा जो हुकूम जनरल मोटर्सने साठोत्तरी दशकात आपल्या सर्व शाखांवर बजावला होता, त्याची कागदोपत्री तामील करूनही त्याचा हेतू साफ निष्फळ कसा करावा, याचा नामी दाखला १९६८ साली मिशिगनमधील लॅन्सिंग शहरी तयार झालेल्या ‘हर्स्ट/ओल्ड्स’ मोटारीने घालून दिला.

हुकूम होता तो कंपनीला, बाहेरच्याला नव्हे. तेव्हा गिअरच्या दांड्यांसाठी नावाजलेले जॉर्ज हर्स्ट, त्यांचे कल्पक सहकारी जॅक ‘डॉक’ वॉटसन आणि जनरल मोटर्सचीच शाखा असलेली ओल्डस्मोबिल यांचे संगनमत होऊन, ४५५ घनइंचांचे एंजिन लॅन्सिंगच्याच जॉन डेमर यांच्या कारखान्यात बसते असे दप्तरी दाखवण्यात आले. प्रत्यक्षात ते ओल्डस्मोबिलच्या कारखान्यातच बसत असे!

या पंचावन्न घनइंचांचे गणित मोठे रम्य आहे. मनाईच्या मर्यादेतले ४०० चे एंजिन आणि हे ४५५ चे, दोहोंत दट्ट्याची धाव तीच, सव्वाचार इंच. फरक काय तो सिलिंडरच्या व्यासात, ३.८७ इंचांऐवजी ४.१२६. व्यास जेमतेम साडेसहा टक्क्यांनी वाढला, परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने घनफळ जवळजवळ चौदा टक्क्यांनी फुगले, आणि बाह्य आकार तोच राहिल्याने नवे एंजिन जुन्याच्या जागी बिनतक्रार बसले. दर स्फोटास अधिक हवा, अधिक इंधन. म्हणून टॉर्कही ४४० फूट-पौंडांवरून ५०० वर, म्हणजे अगदी त्याच हिशेबाने, चढला. अश्वशक्ती मात्र ३५० वरून ३९० एवढीच झाली. कारण ती टॉर्क आणि फेऱ्यांची गती यांच्या गुणाकारातून येते, आणि असली भारदस्त एंजिने उच्च गतीस फारशी राजी नसतात. (हे आकडे एंजिन गाडीबाहेर ठेवून मोजलेले, चाकांपर्यंत पोचणारी शक्ती बरीच कमी.)

हर्स्ट यांची खास करामत दिसते ती गिअरच्या दांडीत. तिच्यासाठी शेजारी शेजारी दोन खाचा आहेत: एकीत दांडी ठेवली की गिअर आपोआप बदलतात, दुसरीत सरकवली की चालकाने दर झटक्यास नेमका एकच गिअर चढवावा, घाईत हात पुढे गेला तरी मधला टप्पा चुकू नये, अशी व्यवस्था.

रुपेरी रंगाच्या, काळ्या पट्ट्यांच्या अशा अवघ्या ५१५ गाड्या त्या वर्षी निघाल्या. पुढे १९७० च्या गाड्यांसाठी जनरल मोटर्सने ती मनाईच उठवली, आणि ओल्डस्मोबिलच्या ‘४-४-२’ नावाच्या गाडीत ४५५ चे एंजिन राजरोस बसू लागले.