मालवणच्या समुद्रात वेग कसा आला

मुंबईतल्या हौशी माणसाची केबिनवाली स्पीडबोट शनिवारी सकाळी गेटवेसमोरून सुटते आणि मांडव्याला जाऊन थांबते. फारच उत्साह असेल तर मुरूड-जंजिऱ्यापर्यंत. खाली सिंधुदुर्ग जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा किनारा आहे, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गासारखे किल्ले आहेत, तारकर्लीचं स्वच्छ पाणी आहे. तरी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही बोट मालवणात रुळली नाही. लोक म्हणतात, एवढा पैसा कोकणात कुणाकडे? मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. किनाऱ्यावर बंगले उठले, रिसॉर्ट उठली, अंगणात महागड्या गाड्या आल्या. याच काळात मालवणच्या समुद्रात वेगही भरपूर आला. फक्त तो हौसेसाठी आला नाही.

आधीच्या पिढीसाठी समुद्रावरचा वेग म्हणजे आगबोट. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आणि नंतर इतरांच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवण-वेंगुर्ल्याकडे यायच्या. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या पडावातून ये-जा करायच्या. पावसाळ्यात सगळं बंद. १९८०चं दशक संपता संपता ही वाहतूक संपली आणि चाकरमानी कायमचा एसटीत बसला. नव्वदच्या दशकात दमानिया कंपनीची कॅटमरान मुंबई-पणजी धावू लागली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. मालवणला तिचा उपयोग शून्य होता. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि जानेवारी १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पर्यटक आला तो जमिनीवरून, आणि समुद्र बघायला त्याने स्थानिकाची होडी धरली.

ही होडी बदलत गेली, तिथे मालवणचा खरा वेग सापडतो. शीड-वल्ह्यांच्या उलांडीच्या होडीला बाहेरून मशीन लागलं, मग लाकूड जाऊन फायबर आलं. जी होडी पहाटे जाळं ओढायची तीच दहा वाजता किल्ल्यावर माणसं न्यायला लागली. पुढे देवबागच्या संगमावर कर्ली नदीच्या मुखाशी सुनामी आयलंडच्या फेऱ्या सुरू झाल्या, डॉल्फिन दाखवणं आलं, पॅरासेलिंगची दमदार स्पीडबोट आली, जेट स्की आली. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि दांडी, चिवला, तारकर्ली या किनाऱ्यांवरची पोरं सिलिंडर पाठीला लावून पर्यटकांना पाण्याखाली न्यायला शिकली. रापण ओढणाऱ्या घरातला मुलगा दोनशे अश्वशक्तीचं इंजिन स्वतः उघडून दुरुस्त करतो, हे तीस वर्षांपूर्वी कुणाला खरं वाटलं नसतं.

आणि इथेच मेख आहे. शनिवार-रविवार हा मुंबईकराच्या विरंगुळ्याचा वेळ. मालवणात ज्याच्याकडे वेगवान बोट आहे त्याच्या कमाईचे तेच दोन दिवस. स्वतःच्या बायकामुलांना घेऊन तो वेंगुर्ला रॉक्स बेटांच्या बाजूला रात्र काढायला जाईल कधी? मंगळवारी? मंगळवारी पोरं शाळेत. ज्यांच्याकडे दर्यावर्दीपण पिढ्यांचं आहे त्यांना समुद्रावर सुट्टी घेणं परवडत नाही. ज्यांना परवडतं त्यांना या पाण्यातली खडपं माहीत नाहीत.

केबिनवाली स्पोर्ट्स बोट ही चीज समजून घ्यायला हवी. तीसेक फूट लांबी, पुढच्या पोटात दोघांची झोपायची सोय, चिंचोळा संडास, चहापुरती शेगडी आणि मागे दोन तगडी इंजिनं. वेग वाढला की ती पाणी कापत जाण्याऐवजी नाक वर करून पाण्यावर चढते. अशा बोटी उघड्या समुद्रात पूर्वी लाटेवर आपटून आपटून खिळखिळ्या व्हायच्या. रे हंट या अमेरिकन रचनाकाराने तळाला मागच्या टोकापर्यंत खोल ‘व्ही’ आकार दिला आणि त्या तळाच्या ‘मोपी’ नावाच्या बोटीने १९६० साली खवळलेल्या समुद्रात मायामी-नासाऊ शर्यत मारली. आजच्या वेगवान केबिन बोटींच्या तळाचा वारसा तिथून येतो. या तळाला इंधन मात्र भरपूर लागतं. दोन इंजिनांची अशी बोट सागरी मैलाला दोन-तीन लिटर पेट्रोल सहज पिते.

आता हिशेब मांडू. मुंबई ते मालवण सागरी अंतर साधारण पावणेदोनशे मैल. पंचवीस नॉटने न थांबता गेलं तरी सात तास, आणि चार-पाचशे लिटर पेट्रोल, एका बाजूचं. शुक्रवारी रात्री निघावं तर वाटेत अंधारात पसरलेली जाळी. पंख्यात एक दोर अडकला की सहल संपली. शनिवारी निघावं तर पोचेपर्यंत दुपार. आणि रविवारची परतीची वाट तर आणखी वाईट. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो तोवर पाणी आरशासारखं असतं. दुपारी खारा वारा सुटतो तो वायव्येकडून, म्हणजे मुंबईला परतणाऱ्याच्या थेट तोंडावर. पाच-सहा तास आखूड, उभ्या लाटांवर आपटत गेल्यावर पुढच्या शनिवारी कुटुंबातलं कुणी बोटीत पाय ठेवत नाही. इथले तांडेल पर्यटकांनाही हेच सांगतात: “दुपारचो वारो सुटता, तेच्याआधी बंदरात येवक व्हया.”

मग बोट मालवणातच का ठेवू नये? ठेवायची कुठे, हा प्रश्न आहे. मालवणचं बंदर सिंधुदुर्ग आणि पद्मगडाभोवतीच्या खडपांनी वेढलेलं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेट किल्ल्यासाठी निवडलं, त्यात ही खडपंही मोलाची होती: माहीतगारालाच आत वाट. शत्रूच्या जहाजाला जे लागू होतं ते फायबरच्या नाजूक तळालाही लागू आहे. कर्ली, कोळंब, आचरा या खाड्यांच्या मुखांवर वाळूचे पट्टे सरकत असतात. भरतीला आत गेलेला ओहोटीला अडकतो. खरा आसरा देवगडला आणि विजयदुर्गच्या वाघोटण खाडीत. पण तिथेही बोट बांधून वीज-पाणी घ्यावं, पंपावरून इंधन भरावं, क्रेनने उचलून तळ घासावा, अशी मरीना नाही. पेट्रोल गावातल्या पंपावरून कॅनमधून आणायचं.

त्यात वर्ष नऊ महिन्यांचं. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याची होडीसेवा आणि जलक्रीडा बंद असतात. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. स्थानिक माणूस होडी वर ओढून झापांखाली ठेवतो आणि शेतीकडे वळतो. तीस फुटी बोट वर ओढायची कशी, ठेवायची कुठे आणि तोवर कर्जाचे हप्ते भरायचे कसे? मे २०२१च्या तौक्ते वादळाने तर बंदी सुरू होण्याआधीच मालवण-देवबागच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या फोडल्या.

मालवणच्या मच्छीमारासमोर ‘हायस्पीड’ म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढे येते ती कर्नाटकातल्या मलपीची ट्रॉलर. बारा सागरी मैलांपर्यंतची हद्द राज्याची; तिच्या आत रात्री घुसायचं, जाळी तोडत मासळी ओरबाडायची आणि गस्ती नौका दिसली की पसार व्हायचं. मत्स्यव्यवसाय खात्याची गस्ती नौका बहुधा भाड्याने घेतलेली, या ट्रॉलरपेक्षा हळू. या पाठशिवणीवर मालवणात मोर्चे निघाले, समुद्रात बोटी घेरल्या गेल्या. जानेवारी २०२५पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची नजर ठेवायला सुरुवात केली. ज्या समुद्रात वेगाची ओळख अशी झाली, तिथे अनोळखी वेगवान बोटीकडे कौतुकाने कोण बघेल?

शिवाय पाण्यावर माणसंही गेली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. ती काही स्पोर्ट्स बोट नव्हती. हंगाम मावळतीचा होता आणि समुद्र बदललेला होता. त्यानंतर लाइफ जॅकेट, माणसांची मर्यादा, परवाने यांवर बोट ठेवलं जाऊ लागलं. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ला इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि प्रशिक्षित हातांतला वेगही गर्दीच्या पाण्यात किती घातक ठरतो ते देशाने पाहिलं. मालवणच्या धक्क्यासमोर दिवाळीत गर्दी काही कमी नसते. नवशिक्या मालकाने तिथे वीस नॉटने शिरणं म्हणजे गुन्हा मानायला हवा.

सप्टेंबर २०२५च्या सुरुवातीला मुंबईहून रो-रो बोट चाचणीसाठी विजयदुर्गला आली. पंचवीस नॉटचा वेग आणि पाचेक तासांचा प्रवास असं तिच्याबद्दल जाहीर झालं होतं. म्हणजे स्पोर्ट्स बोटीचाच वेग, पण पोटात गाड्या आणि माणसं. आगबोट गेल्यानंतर जवळजवळ चार दशकांनी सिंधुदुर्गाला समुद्रवाट परत मिळायची शक्यता तेव्हा दिसली, आणि ती पुन्हा सार्वजनिक बोटीचीच होती. मला त्यात बरंच वाटतं.

तरीही कुणाला हौस असेल तर तीस फुटी बोटीचा नाद सोडून बावीस-चोवीस फुटांची, छोट्या केबिनची बोट घ्यावी, जी ट्रेलरवर बसते. ती पावसाळ्यात अंगणात राहते, रस्त्याने देवगडला येते आणि परतीचा वायव्येचा मार महामार्ग क्रमांक ६६ वाचवतो. देवगडहून विजयदुर्ग सकाळच्या मतलईत सहज होतो. दक्षिणेला निवती आणि वेंगुर्ला रॉक्स, जिथल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे, तिथे जायचं तर मालवणी तांडेल सोबत घ्यावाच. अंग्रिया बँकेचं नाव मात्र काढू नये. ते बुडालेलं प्रवाळपठार किनाऱ्यापासून शंभरावर किलोमीटर आत आहे, आडोशाला एक खडकही नाही, आणि या आकाराच्या बोटीच्या टाकीत परतीचं पेट्रोल उरत नाही.

तांडेलाला पैसे शनिवारच्या दराने द्यावे लागतील. त्याचा तो दिवस त्याने तुमच्यासाठी मोडलेला असतो.