पूर्वजांच्या सैनिकी नोंदींचा शोध

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. १८९१ साली बाबासाहेबांचा जन्मही महूच्या लष्करी छावणीतच झाला. आपल्या समाजातील पहिले साक्षर पुरुष बहुधा पलटणीतूनच आले. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली व १९२१ साली मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली परिसरातील कोकणातून वा देशावरून आलेल्या कुटुंबांत ‘आजोबा पलटणीत होते’ एवढेच पुष्कळदा ऐकू येते. या आठवणीस आता पुराव्याची जोड देता येते.

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. जुन्या पेटीतील सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचे पुस्तक व पदके पाहावीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. मूळ गाव, तालुका आणि वडिलांचे नाव टिपून ठेवावे.

त्यानंतर कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घ्यावा. ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ या काळातील मृत सैनिकांचीच तेथे नोंद असते. जिवंत परतलेला पूर्वज तेथे आढळणार नाही. त्याच्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ पाहावे. महार रेजिमेंटमधील सैनिकाविषयी सागर येथील अभिलेख कार्यालयास वारसाने पत्र लिहावे.

नावे रोमन लिपीत, परक्या कानांनी ऐकून लिहिली गेली. आडनाव पुष्कळदा नसतेच. म्हणून एकाच नावाची तीनचार रूपे तपासावीत. पलटण व गाव यांवरूनही शोधावे.

परंतु नाव सापडताच ते आपल्याच पूर्वजाचे मानू नये. एका गावात एकाच नावाचे अनेक असत. क्रमांक, पित्याचे नाव व गाव जुळल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. केवळ ऐकीव गोष्ट सत्य मानू नये, ही कालामसुत्ताची शिकवण येथेही उपयोगी पडते.

नोंद सापडली नाही म्हणून सेवाच झाली नाही, असेही समजू नये. इराकमधील बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. बहुसंख्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली गेली. स्मरणातील ही विषमता आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात मान्य केली. उलट कोरेगावच्या स्तंभावर २२ महार वीरांची नावे आहेत, म्हणूनच १९२७ साली बाबासाहेबांनी तेथे दिलेली भेट समाजास आपला इतिहास दाखवणारी ठरली.

ज्यांना गावाने नावाने हाक मारली नाही, त्यांचे पूर्ण नाव, क्रमांक व पलटण कुटुंबाच्या वहीत लिहून ठेवणे, हे आपले कर्तव्य होय. घरातील वृद्ध हयात आहेत तोवरच हे कार्य हाती घ्यावे.