घटापासून भोगीपर्यंत : परसातला एक गुंठा



घट बसले की आपल्या सर्वांचे डोळे कारखान्याच्या धुराड्याकडे लागतात. बॉयलर कधी पेटणार, टोळी कधी येणार, आपल्या उसाची पाळी कितवी, याच गप्पा पारावर चालतात. त्या रास्तच आहेत. पण याच दिवसांत जरा घराच्या मागे जाऊन पाहा. दोडक्याचा वेल वाळून मांडवावर लोंबतो आहे, काकडीच्या पानांवर भुरी आली आहे, कोपऱ्यात काँग्रेस गवत कमरेइतके वाढले आहे. आणि आठवड्याच्या बाजारातून चार एकर ऊस असलेला आपलाच सभासद मेथीच्या दोन जुड्या विकत घेऊन घरी येतो आहे.

गुंठाभर जागा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. राजगुरुनगर-चाकण पट्ट्यात पुष्कळांची शेते गेली, कारखाने उभे राहिले, मुले पहिल्या-दुसऱ्या पाळीला कामावर जाऊ लागली. तरी गावातल्या घरामागे एवढी जागा बहुतेकांकडे अजून आहे. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाती धरली तर जानेवारीतल्या भोगीपर्यंत घरात भाजीची ददात राहात नाही, आणि वर्षाचा लसूणही निघतो. मात्र एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. परसाला उसाचे नियम लावू नयेत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने वाट पाहतो, चार दिवसांची चूक पोटात घालतो. मेथी महिन्याभरात संपते. तिच्याकडे चूक सोसायला वेळ नसतो.

घटातली परीक्षा

पहिले काम बियाण्याचे. "पेरलं पण उगवलंच नाही" ही तक्रार दरसाल ऐकू येते. दोष मातीला दिला जातो, आणि बी असते दोन वर्षांपूर्वीच्या पुडीतले. कांद्याचे बी तर वर्षभरातच उगवण्याची ताकद घालवते.

आपल्या घरात याची परीक्षा वाडवडिलांनी घालूनच दिली आहे. घटाभोवती शेतातली माती पसरून आपण धान्य पेरतो, आणि दसऱ्याला आलेले पिवळे कोंब टोपीत खोवतो. कोणते धान्य जोमाने आले, कोणते मागे राहिले, हे नऊ दिवसांत देवघरातच कळते. हीच रीत भाजीच्या बियांना लावावी. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर शंभर बिया मोजून ठेवाव्या, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल टिकवावी. आठ-दहा दिवसांनी मोजावे. सत्तरच्या वर उगवल्या तर बी चांगले. पन्नास उगवल्या तर दुप्पट पेरावे. त्याहून कमी उगवल्या तर ते बी टाकून नवे आणावे.

वेल उपटण्याआधी पुढच्या वर्षाचे बी राखून ठेवावे. दोडका, दुधी, भेंडी यांची एक-दोन निरोगी फळे झाडावरच पूर्ण वाळू द्यावी. मात्र संकरित जातीचे बी धरू नये, पुढच्या वर्षी त्याच्यातून आईबापासारखे झाड येईलच असे नाही.

जागेची उस्तवार

परतीचा पाऊस ओसरला आणि जमीन वाफशावर आली, की एकदा खोल खणून घ्यावे. भुरी किंवा करपा पडलेला पाला खतखड्ड्यात टाकू नये, वेगळा जाळावा. बाकीचा पाला खुशाल खड्ड्यात जाऊ द्यावा. काँग्रेस गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे पहिल्यांदा नजरेस आलेले हे गवत आज देशभर पसरले आहे, ते त्याच्या बियांच्या जोरावर. ते उपटताना हाताला फडके बांधावे, अंगाला खाज सुटते.

गुंठ्याला दोनशे ते अडीचशे किलो, म्हणजे दहा-बारा पाट्या, कुजलेले शेणखत घालावे. कारखान्यावरून प्रेसमड आणणाऱ्यांनी ते चांगले मुरल्याशिवाय परसात वापरू नये. ताजे प्रेसमड आतून तापते, कोवळी मुळे भाजतात. ढिगात हात घातला की गार लागले पाहिजे, वास मातीसारखा आला पाहिजे. तोड सुरू झाली की पाचट मिळेल. ते न जाळता बारीक करून दोन ओळींमध्ये पसरावे. ओल टिकते, तण दबते.

लसूण चुकवू नका

परसातल्या सगळ्या पिकांत वेळेची सर्वांत जास्त गरज लसणाला असते. आपले भाग्य असे की कांदा-लसणाचे देशातले संशोधन आपल्या दारातच चालते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ साली नाशिकला सुरू झाले, १९९८ साली ते राजगुरुनगरला आले, आणि २००८ साली त्याचे संचालनालय झाले. तिथे निघालेल्या वाणांना नाव दिले आहे आपल्याच नदीचे : कांद्यात भीमा किरण, भीमा शक्ती, भीमा श्वेता, आणि लसणात भीमा ओंकार व भीमा पर्पल. भीमाकाठी राहून लसूण विकत आणणे शोभत नाही, असे आम्हाला वाटते.

लसूण वेळेवर का लावायचा, ते समजून घ्यावे. पाने वाढायला त्याला थंडी आणि लहान दिवस लागतात. जानेवारीनंतर दिवस मोठे होऊ लागले, ऊन तापू लागले, की झाड पाने काढायचे थांबवते आणि गड्डी भरू लागते. तोवर जितकी पाने झाली असतील तितकी गड्डी पोसते. डिसेंबरात लावलेल्या लसणाला पाने करायला सवडच मिळत नाही, मग गड्डी सुपारीएवढीच राहते. म्हणून ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा काळ धरावा. अधिक महिना आलेल्या वर्षी दसरा-दिवाळी पुढे सरकतात. थंडी काही तिथी पाहून पडत नाही. लसणापुरता तारखेचा हिशेब ठेवावा.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफ्यात, दोन ओळींत १५ आणि दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर सुमारे सहाशे पाकळ्या बसतात. त्याला किलो-सव्वा किलो बेणे पुरते. सगळ्या नीट आल्या तर महिन्याला पन्नास गड्ड्या पडल्या, एका घराला पुष्कळ झाल्या. पाकळ्या लावायच्या दिवशीच सुट्या कराव्या. बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्या लावाव्या, आतल्या बारीक फोडणीला ठेवाव्या. टोक वर करून दोन सेंटिमीटर खोल लावावी. बाजारात दिसणारा मोठमोठ्या पाकळ्यांचा डोंगरी लसूण बेण्याला घेऊ नये. थंड मुलखातल्या त्या जातीला गड्डी धरायला आपल्यापेक्षा मोठे दिवस लागतात. आपल्याकडे त्याची नुसती पात वाढते.

युरियाचा हात इथे आवरता घ्यावा. दीड महिन्यानंतर नत्र दिले तर मान जाड होते आणि लसूण टिकत नाही. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे, दोन-तीन आठवड्यांनी काढावा, पातीसकट वेण्या बांधून वाऱ्याला टांगावा. कांद्याचे रोप मात्र याच दिवसांत गादीवाफ्यावर टाकून ठेवावे. सहा-सात आठवड्यांनी, डिसेंबरात, त्याची लागण करता येते.

पालेभाजी थोडी थोडी

पालेभाजीत आपण नेमकी उलटी चूक करतो. सगळी मेथी एकाच दिवशी पेरतो. मग आठ दिवस शेजारीपाजारी वाटत सुटतो, आणि पुढचे दोन महिने पुन्हा बाजार. त्यापेक्षा वाफ्याचे चार तुकडे करावे आणि दर दहा-बारा दिवसांनी एक तुकडा पेरावा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत येते. पालक महिन्या-सव्वा महिन्यात कापायला येतो, बुडखे राखले तर पुन्हा फुटतो. धने रगडून दोन फाकी करून पेरावे, नाहीतर कोथिंबीर विरळ उगवते. शेपू, चाकवत, आंबट चुका यांना फारशी उस्तवार लागत नाही. मुळा दीड महिन्यात, नवलकोल दोन महिन्यांच्या आत, गाजर अडीच-तीन महिन्यांत येते.

हिरवा पाला ही चैन समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. शिवारात ऊस उभा आहे म्हणून घरातल्या बाईच्या अंगात रक्त भरते, असे नाही. एकट्या भाजीने ते भरून निघेल असेही नाही, दवाखान्याच्या गोळ्या चुकवू नयेत. पण रोज ताटात पालेभाजी, तिच्यावर लिंबाची फोड, आणि जेवणाला लागून चहा नाही, एवढे तर आपल्या हातात आहे. लिंबाने पाल्यातले लोह अंगी लागते, चहाने ते अडते.

पाणी

चासकमानच्या कालव्याचे आवर्तन उसाला चालते, मेथीला चालत नाही. कोवळ्या रोपाला थोडे पाणी वरचेवर, सकाळच्या वेळी, झारीने द्यावे. पाट मोडून वाफा तुडुंब भरू नये. रोपे जमिनीलगत सडून माना टाकतात, ती बहुधा जास्त पाण्यानेच.

मोरीचे पाणी वाया घालवू नये, पण ते अळू, केळ, कर्दळ, शेवगा यांना द्यावे. कच्च्या खायच्या मुळा-कोथिंबिरीला देऊ नये. हल्लीच्या साबण-पावडरीचे क्षार साठतात आणि माती कडक होते. म्हणून मोरीच्या पाण्याची चर अधूनमधून दुसऱ्या झाडाकडे वळवावी.

उसाचा पंप परसात नको

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच परसात टोमॅटोची पाने एकाएकी दोरीसारखी पिळवटली, शेंडे वाकडे झाले, फुले गळाली. आम्ही समजलो विषाणूचा रोग आहे. झाडे उपटली, नवी लावली, त्यांचेही तेच झाले. पुढे उलगडा झाला तो असा : उसातल्या रुंद पानांच्या तणावर ज्या पंपाने टू-फोर-डी मारले होते, तोच पंप दोनदा विसळून आम्ही टोमॅटोवर निंबोळी अर्क फवारला होता. रोग आणला होता आम्हीच, आमच्या हाताने.

हे तणनाशक उसाला पचते, कारण ऊस गवताच्या कुळातला. टोमॅटो, वांगी, भेंडी, घेवडा, सगळे वेलवर्गीय ही सारी रुंद पानांची पिके. त्यांना त्याचा अंशही पुरतो. पंप धुतला तरी नळीत आणि नोझलमध्ये ते राहते. म्हणून परसासाठी पंप वेगळा ठेवावा, तणनाशकाच्या पंपावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढावा, म्हणजे घरातल्या कोणाचीही गफलत होणार नाही. घराजवळच्या फडात फवारायचे असेल तर वारा पडलेला पाहून सकाळी फवारावे. भर उन्हात आणि वाऱ्यात त्याचा फवारा परसापर्यंत पोचतो. तसेच उसात अॅट्राझिन मारले असेल तर त्या रानातली माती गादीवाफ्याला आणू नये. त्याचा अंश महिनोन् महिने मातीत राहतो आणि रोपे पिवळी पडून जातात.

कीड आलीच तर आधी हाताने वेचावी. मावा, फुलकिडे यांच्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळून फवारावे. खायच्या भाजीवर उसाच्या औषधांतले उरलेसुरले मारण्याचा मोह टाळावा. ती भाजी आपलीच मुले खाणार आहेत.

भोगीचा हिशेब

या कामाचा ताळेबंद मांडायला मार्चअखेरची वाट पाहायला नको. भोगीच्या दिवशी मांडावा. त्या दिवशीच्या भाजीत परसातले काय काय पडले ते मोजावे : गाजर, घेवडा, पावटा, वांगे, हरभऱ्याचे सोलाणे, वर लसणाची कोवळी पात. दसऱ्याला गाजर, घेवडा, हरभरा पेरला आणि वांग्याची तयार रोपे आणून लावली, तर यातले बहुतेक वेळेवर येते. पावटा मात्र पावसाळ्यातच कुंपणाला लावलेला असावा लागतो. जे आले नाही त्याची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करावी, पुढल्या घटाला उपयोगी पडते.

आणखी एक. तोडीच्या टोळ्या बीड-अहिल्यानगरकडून येतात, फडाजवळ कोप्या घालून चार-पाच महिने राहतात. पहाटे कोयता घेऊन निघालेल्या बाईला ना परस, ना बाजाराला सवड. आपल्या वाफ्यात मेथी जास्त झाली तर दोन जुड्या तिच्या कोपीवर पोचवाव्या. आपला ऊस गव्हाणीपर्यंत पोचतो तो तिच्या मोळीवरून.

तर सभासदहो, टोळीची वाट पाहता पाहता या आठवड्यात कुदळ घ्या आणि घरामागे जा. सुरुवात लसणाच्या वाफ्यापासून करा.