रुईवरचा रंगीत नाकतोडा

नाकतोडा म्हटला की गवतासारखा हिरवा किंवा मातीसारखा तपकिरी कीटक आपल्या डोळ्यांपुढे येतो. भोवतालच्या रंगात मिसळून जावे व शत्रूची नजर चुकवावी, अशीच बहुतेक नाकतोड्यांची रीत असते. परंतु शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, त्या रुईची झुडपे पावसाळ्यात गावाबाहेर जाऊन न्याहाळून पाहा. पिवळ्या व निळसर पट्ट्यांचा एक नाकतोडा तेथे अगदी उघड्यावर, निर्धास्तपणे पाने खात बसलेला आढळेल.

तो ओळखावयाचा कसा? प्रथम त्याच्या मिशा पाहाव्यात. त्या जाडसर व अंगापेक्षा पुष्कळ आखूड असतात. ज्यांच्या मिशा केसासारख्या बारीक व अंगाहूनही लांब असतात, ते कीटक निराळ्या कुळातील होत. नंतर पंख पाहावेत. पुढचे पंख हिरवट असून त्यांवर पिवळे ठिपके असतात. मागचे पंख त्यांच्याखाली घडी घालून झाकलेले असतात. तो उडाला, की त्यांचा तांबूस रंग क्षणभर झळकतो आणि तो बसताच नाहीसा होतो. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७७५ साली या जातीचे वर्णन करून तिला ‘पिक्टस’ हे नाव दिले. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘रंगविलेला’ असा आहे.

खरी फसगत होते ती पिलांच्या बाबतीत. फुलपाखराप्रमाणे नाकतोड्याला कोशावस्था नसते. पिलू मोठ्याच्याच आकाराचे, पण बिनपंखाचे असते व कात टाकीत वाढते. या जातीच्या पिलाचा रंग मात्र अगदी वेगळा! फिकट हिरवट-पिवळ्या अंगावर बारीक काळ्या खुणा आणि लाल ठिपके. त्यामुळे एकाच झुडपावरील पिलू व मोठा नाकतोडा या दोन जाती आहेत, असे पुष्कळांना वाटते.

मग एवढे भडक रंग कशासाठी? रुईचा चीक विषारी असतो. गुरेही तिला सहसा तोंड लावीत नाहीत. हा नाकतोडा मात्र तिचीच पाने खातो आणि त्यांतील विष स्वतःच्या अंगात साठवून ठेवतो. ‘मी खाण्याजोगा नाही’ अशी सूचनाच तो रंगांनी शत्रूला देत असतो. वाढत्या पिलाला चिमटीत धरले, तर त्याच्या पाठीवरील छिद्रातून पांढरट द्रवाची चिळकांडी उडते, आणि तीही ज्या बाजूने चिमटा बसला त्याच बाजूला! म्हणून त्याला दुरूनच पाहावे, आणि रुईचे पान तोडलेला हात धुतल्यावाचून डोळ्यांस लावू नये.