स्वयंसेवेवर उभी राहणारी तंत्रज्ञान परिषद : काही नैतिक तत्त्वे

संगणकाच्या क्षेत्रात दरवर्षी अनेक परिषदा भरतात. त्यांपैकी बऱ्याच परिषदा मोठ्या कंपन्या आपल्या व्यवसायासाठी भरवितात. परंतु काही परिषदा अशाही आहेत की, ज्यांना मालक नाही आणि ज्यांच्या आयोजकांना वेतनही नाही. ‘डेबियन’ या संगणकप्रणालीचे उदाहरण घेऊ. १९९३ साली सुरू झालेली ही प्रणाली जगभरातील स्वयंसेवक मिळून घडवितात. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते, तपासता येते आणि बदलताही येते. या स्वयंसेवकांची ‘डेबकॉन्फ’ ही परिषद २००० साली फ्रान्समधील बोर्डो येथे प्रथम भरली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केरळातील कोची येथे ती भारतात प्रथमच आली. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे दरवर्षी भरणारी ‘फॉसडेम’ ही परिषदही स्वयंसेवकच चालवितात. तिला प्रवेशशुल्क नाही व पूर्वनोंदणीही नाही.

जेथे वेतन नाही, नफा नाही, तेथे नीतीचा प्रश्न उद्भवतोच कोठे, असे कोणी विचारील. आमच्या मते तो तेथेच अधिक तीव्रतेने उद्भवतो. पगारदार माणसापाशी करार असतो, कायद्याचे संरक्षण असते. स्वयंसेवकाने मात्र आपला वेळ केवळ विश्वासावर दिलेला असतो. हा विश्वास म्हणजेच अशा परिषदेचे खरे भांडवल होय. आयोजक त्याचे मालक नसून विश्वस्त आहेत. पुढील सर्व तत्त्वे या एका गोष्टीतून निघतात.

अधिकार म्हणजे सेवा

आरंभीच्या ख्रिस्ती समुदायात रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर सुरू झाली. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी ती तक्रार दडपली नाही. त्यांनी सर्वांना एकत्र बोलाविले, समुदायाकडूनच सात सेवकांची निवड करविली आणि ते काम त्यांच्यावर सोपविले (प्रे. कृत्ये ६:१-६). सामूहिक कार्य कसे चालवावे, याचा हा उत्तम धडा आहे. तक्रार ऐकावी, जबाबदारी वाटून द्यावी आणि ती कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असावे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात हेच तत्त्व मांडले : जे काम लहान गटाला करता येते, ते वरच्यांनी त्याच्याकडून काढून घेऊ नये. परिषदेची सर्व सूत्रे वर्षानुवर्षे एकाच व्यक्तीच्या हाती राहणे हे त्या व्यक्तीच्याही हिताचे नसते आणि परिषदेच्याही नसते.

पैसा आणि व्यासपीठ

सभागृह, भोजन व निवास यांसाठी पैसा लागतो आणि तो बहुधा प्रायोजक कंपन्यांकडून येतो. त्यांचे आभार मानणे, त्यांचे नाव झळकविणे यात गैर काही नाही. परंतु व्याख्यानांची निवड त्यांच्या देणगीवर ठरू लागली की परिषद विकली गेलीच म्हणून समजावे. सभेत सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाचे आसन आणि गरिबाला पायांपाशी जागा देणाऱ्यांना संत याकोबाने कठोर शब्दांत फटकारले आहे. प्रायोजकाचे व्याख्यान ठेवायचेच असेल, तर ते तसे आहे हे उघड सांगावे.

हिशेबाबाबतही तीच गोष्ट. यरुशलेममधील गरजूंसाठी गोळा केलेला निधी नेताना संत पौलाने इतर विश्वासू बंधूंना बरोबर घेतले, जेणेकरून कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये (२ करिंथ ८:१८-२१). जमाखर्च सर्वांसमोर मांडणे हा आयोजकांवरील अविश्वास नव्हे. उलट, त्यात त्यांच्या नावलौकिकाचे रक्षण आहे.

निधीचा एक वाटा दूरच्या व गरीब सहभागींसाठी राखून ठेवावा. डेबकॉन्फ अशांना प्रवासखर्चासाठी साहाय्य देते. मात्र अशी मदत देताना घेणाऱ्याचा स्वाभिमान जपला पाहिजे. त्याच्या गरजेची चर्चा चारचौघांत होता कामा नये.

माणसाची प्रतिष्ठा

पायथॉन या संगणकीय भाषेसाठी कार्य करणाऱ्या प्रतिष्ठानाने २०१२ साली ठरविले की, ज्या परिषदेची आचारसंहिता आहे तिलाच आर्थिक साहाय्य द्यावे. डेबियनने २०१४ साली मतदानाने आपली आचारसंहिता स्वीकारली. परंतु कागदावरील नियम पुरेसे नसतात. एखाद्या तरुणीचा अपमान झाला, तर तिने कोणाकडे जावे? तक्रार आयोजकाविरुद्धच असेल, तर ती कोण ऐकणार? याची उत्तरे परिषद सुरू होण्यापूर्वीच ठरलेली असली पाहिजेत.

येथे आम्ही उपदेशकाच्या भूमिकेतून बोलू शकत नाही. संस्थेची अब्रू राखण्यासाठी अन्याय झाकला की पीडितावर दुसऱ्यांदा अन्याय होतो, हे ख्रिस्तसभेने स्वतःच्या वेदनादायक अनुभवातून शिकले आहे. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था असणे बंधनकारक केले. हा धडा प्रत्येक स्वयंसेवी कार्याला लागू पडतो.

विश्रांतीचाही हक्क

‘सेवाच करायची, मग थकवा कसला?’ असे म्हणून उत्साही तरुणांना राबवून घेण्याची सवय आपल्याकडेही आहे. लोकांच्या वर्दळीमुळे शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात जाऊन विसावा घेण्यास सांगितले (मार्क ६:३१). दारावर उभा असणारा, कॅमेरा सांभाळणारा, खुर्च्या लावणारा हाही परिषदेचा सहभागी आहे. त्यालाही पाळी बदलून मिळावी, वेळेवर जेवण मिळावे आणि ‘मला आता जमणार नाही’ असे निःसंकोचपणे म्हणता यावे.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी संतपद बहाल केलेल्या कार्लो अकुतिस या मुलाने आपले संगणककौशल्य कोणत्याही मोबदल्याविना ख्रिस्तसभेच्या सेवेत लावले होते. आज आपले अनेक तरुण-तरुणी संगणकक्षेत्रात आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी एखादी परिषद भरवील, कोणी धर्मग्रामात तरुणांचे शिबिर घेईल. तेव्हा किती लोक जमले यासोबत त्यांनी हेही विचारावे : आलेला प्रत्येक जण, आणि राबलेला प्रत्येक जण, सन्मानाने घरी परतला का?