कसर व लोकरीचे कपडे

पेटी उघडताच सोनेरी रंगाचे इवलेसे पाखरू उडाले, की आपण त्यास मारावयास धावतो. परंतु खरा चोर तो नव्हे. ते पाखरू काहीच खात नाही. लोकर व रेशीम कुरतडते ती त्याची अळी होय. घामाचे व तेलाचे डाग तिला विशेष प्रिय. म्हणून कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, शिवणींतील अंडी ब्रशाने झाडून, मगच घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावे.

डांबराच्या गोळ्या बंद पेटीतच गुणकारी होतात. तथापि त्यांचा वास विषारी आहे. कित्येक अर्भकांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतणारी कावीळ होते. यास्तव बाळाच्या कपड्यांत या गोळ्या कदापि ठेवू नयेत. स्वच्छता हाच निर्धोक पहारा होय.