मासा नगरचा, पावती भिगवणची

नगर जिल्ह्याला (२०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर) समुद्र नाही, बंदर नाही, धक्का नाही. तरी मासळी आहे आणि ती बाजारात उतरली की पावती फाटते. जगात काही ठिकाणी या पावतीतलाच शेकडा रुपया-दीड रुपया बाजूला काढून मासे मोजणाऱ्यांचे पगार भागवतात. आपल्याकडे त्या रुपयाचं काय होतं? समजा कर्जतच्या काठावरून ४० किलो चिलापीची पाटी निघाली आणि किलोला १०० रुपये भाव लागला. झाले ४,००० रुपये. आता या चार हजारांच्या मागे हिंडू या.

धरणं संतांची, पोटात मासळी

राहुरीजवळ बारागाव नांदूरला मुळा धरण. क्षमता २६ टीएमसी, जलाशयाचं नाव ज्ञानेश्वरसागर. गोदावरीवरच्या जायकवाडीचं पाणी नेवासे-शेवगावच्या शिवारापर्यंत चढतं, त्याचं नाव नाथसागर. दक्षिणेला भीमेवर उजनी, म्हणजे यशवंतसागर. वर अकोले तालुक्यात भंडारदरा. तिथलं विल्सन धरण १९२६चं आणि जलाशयाला नाव आर्थर साहेबाचं. ज्ञानोबा आणि नाथांच्या नावाच्या पाण्यात जाळी पडतात, याबद्दल माळकरी मंडळींनी आजवर तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. श्रावणात मात्र काठावरचं गिऱ्हाईक पातळ होतं.

जन्म एका जिल्ह्यात, नोंद दुसऱ्यात

उजनीचा फुगवटा तीन जिल्ह्यांत पसरलाय: पुणे, सोलापूर आणि नगर. नगरच्या वाट्याला कर्जत तालुक्याचा काठ येतो. अष्टविनायकातलं सिद्धटेक इथलंच, भीमेच्या काठावर. काठ नगरचा असला तरी मोठा मासळी बाजार पलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला आणि इंदापूरला. तो चालवते इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समिती.

त्यामुळे कर्जतच्या पाण्यात वाढलेला मासा भिगवणच्या काट्यावर चढला की पुणे जिल्ह्याच्या आवकेत जमा. माशाला तालुका कळत नाही हे खरं, पण आकडेवारी बघून योजना आखणाऱ्याला तो कळायला हवा.

चाळीस रुपये आणि वर दोन

आता पावती. महाराष्ट्राच्या १९६३च्या बाजार समिती कायद्याने शेतमालाच्या विक्रीवर बाजार फी लागते. बरीच वर्षं रुळलेला दर शेकडा ७५ पैसे ते १ रुपया. आणि गंमत अशी, की ती विकणाऱ्याने नव्हे, खरेदीदाराने भरायची. आपल्या ४,००० रुपयांवर पुरा रुपया धरला तर ४० रुपये. ते समितीकडे जातात. त्यातून ओटे, रस्ते, पाणी, दिवे आणि समितीच्या नोकरांचे पगार निघतात.

खरी मजा त्याच्या शेजारच्या रकान्यात आहे. तिथे लिहिलेलं असतं देखरेख खर्च, शेकडा ५ पैसे. चार हजारांवर बरोबर दोन रुपये. हे पैसे समितीचे नाहीत, सरकारचे. बाजारात खरेदी-विक्री नीट होते का, लिलाव उघड होतो का, मापात पाप नाही ना, हे बघायला सरकार माणसं नेमतं आणि त्यांचा खर्च या पाच पैशांतून वसूल करतं. म्हणजे उतरलेल्या मालावर पैसा घ्यायचा आणि त्यातून नजर ठेवणाऱ्याचा पगार द्यायचा, ही युक्ती आपल्या कायद्यातही आहे. फक्त ती नजर काट्यावर असते. काट्यापलीकडच्या पाण्यात मासे किती उरले, हे बघण्याचं काम त्या दोन रुपयांत बसत नाही.

अलास्कात हाच हिशेब ६६ रुपयांचा

अमेरिकेच्या अलास्का राज्यात बोटींवर निरीक्षक असतो. हा कोळी नसतो आणि पोलीसही नसतो. जाळं वर आलं की नमुना काढायचा, जात ओळखायची, लांबी-वजन घ्यायचं आणि माशाच्या डोक्यातून कानाचा छोटा खडा काढून डबीत ठेवायचा, हे त्याचं काम. त्या खड्यावर वर्षागणिक कडी पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजली की माशाचं वय कळतं. नको असलेली किती मासळी जाळ्यात आली आणि पुन्हा पाण्यात फेकली, हेही तोच टिपतो.

याचा पगार कोण देतं? मासाच देतो. २०१३पासून तिथे ज्या बोटींवर निरीक्षक अधूनमधून बसतो, त्यांच्या मासळीच्या पहिल्या विक्रीच्या किमतीवर १.२५ टक्के फी बसवली. २०२१पासून ती १.६५ टक्के झाली. निम्मी बोटवाल्याने भरायची, निम्मी माल घेणाऱ्या कारखान्याने. आपल्या पाटीवर हा दर लावला तर ६६ रुपये: ३३ कोळ्याचे, ३३ व्यापाऱ्याचे. ज्या मोठ्या बोटींवर दर फेरीला निरीक्षक लागतोच, त्या फी न भरता निरीक्षकाचा खर्च थेट उचलतात.

२०१३च्या आधीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेव्हा ६० फुटांहून लहान बोटींवर निरीक्षक जातच नव्हता. ज्याच्याकडे ऐपत त्याच्याच बोटीवर तपासणी, असा मामला. फी आल्यावर सगळ्यांचा पैसा एका थैलीत गेला आणि लहान बोटीही नोंदीत आल्या. आता तर काही बोटींवर माणसाच्या जागी कॅमेरा असतो आणि त्याचाही खर्च याच फीतून निघतो.

फीची वाटणी निम्मी-निम्मी का, हे समजून घेण्यासारखं आहे. फी मासळीच्या किमतीवर म्हटली की किंमत कमी दाखवायचा मोह आलाच. पण नोंद खरेदीदाराकडून येते आणि तोही निम्मा भागीदार. दोघांच्या वह्या जुळाव्या लागतात. आपल्याकडे बाजारात आलेल्या मालाला पावती आहे. पण काठावरून थेट महामार्गावरच्या हॉटेलात गेलेल्या मालाला? पुणे-सोलापूर रस्त्यावर मच्छी थाळीच्या पाट्या मोजा, उत्तर आपोआप मिळेल.

मासा शेतमाल झाला कधी?

एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आणि पेपरांत मथळे आले. मासा मात्र कागदावर फार आधीपासून शेतमाल होता. ब्रिटिशांच्या १९४०च्या एका कायद्याने निर्यात होणाऱ्या शेतमालावर शेकडा अर्धा रुपया उपकर बसवला. त्या यादीत तूप, लोकर, तंबाखू, कातडी यांच्या पंगतीला मासळीही होती. तो पैसा जायचा शेतीसंशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेकडे, म्हणजे आजच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे. माशाच्या पैशातून संशोधन, तेही स्वातंत्र्याआधी! २००६मध्ये उपकरांचे बरेच जुने कायदे रद्द झाले, त्यात हाही गेला. आपली पाटी परदेशी गेली असती तर २० रुपये विज्ञानाच्या खात्यावर पडले असते. भिगवणची चिलापी जाते पुण्यापर्यंत, तेव्हा हा हिशेब कागदावरचाच.

चिलापी: सरकारी खर्च शून्य

चिलापी मूळची आफ्रिकेची, इंग्रजीतली तिलापिया. भारतात ती १९५२मध्ये आणली. हिची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते आणि पिलं बाहेर आली तरी धोका दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते. त्या काळात बाई जवळजवळ उपाशीच. साचलेलं पाणी, गढूळ पाणी, काहीही चालतं. वर्षातून अनेकदा वीण. त्यामुळे धरणात एकदा शिरली की कोणी बीज सोडो न सोडो, ती असतेच. देशी मासळी मागे पडली याचं खापर तिच्यावर फुटतं आणि त्यात तथ्य आहे. पण बाजार तिच्यावर चालतो, तेव्हा शिव्या देणाराही ताटात घेतो.

कटला, राहू, मृगळ यांची तऱ्हा उलटी. त्यांना विणीसाठी पावसाळी नदीचं वाहतं पाणी लागतं. धरणात ती वाढतात झकास, पण वंश वाढवायला बाहेरून बीज आणावं लागतं. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, म्हणून आज हे बीज पैदास केंद्रात तयार होतं. १० जुलैला देशात मत्स्यशेतकरी दिन असतो तो याच प्रयोगाच्या आठवणीत.

आत जाताना वाटीने मोजतात

अंड्यातून नुकतंच निघालेलं मत्स्यजिरे, इंचभर झालं की मत्स्यबीज, मग अर्धबोटुकली आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. ही मोजायची कशी? एकेक मोजायला बसलं तर सगळी मरतील. म्हणून छोटी जाळीदार वाटी घेतात. एक वाटी भरून त्यातली पिलं खरोखर मोजतात आणि मग वाट्याच मोजत जातात. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ती धरणावर पोचतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो: इतके लाख मत्स्यबीज सोडले, हस्ते अमुक.

सोडले किती हे कळलं. निघाले किती? तिथे पंचाईत आहे. राज्यातली तळी आणि धरणं सहसा ठेक्याने दिली जातात, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना. ठेक्याची रक्कम ठरते पाण्याच्या क्षेत्रावर, पकडलेल्या किलोंवर नाही. एकदा रक्कम भरली की मासळी पाच टन निघो की पन्नास, सरकारचा आकडा तोच. त्यामुळे वजन लपवण्याचं कारण उरत नाही, हा फायदा. आणि वजन विचारण्याचं कारणही उरत नाही, हा तोटा. माझ्या मते तोटा मोठा आहे.

हेक्टरी ११ किलो

भारतीय जलाशयांवरचा वारंवार उद्धृत होणारा अहवाल १९९५चा, एफएओचा (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना). त्यातली सरासरी: लहान जलाशयांत हेक्टरी सुमारे ५० किलो मासळी, मध्यम जलाशयांत १२ आणि मोठ्यांत ११. मोठा म्हणजे ५,००० हेक्टरांच्या वरचा. उजनी आणि जायकवाडी या मापाने बडी धेंडं. पाणी जितकं मोठं तितकं हेक्टरी पीक कमी, हे पहिल्यांदा वाचताना पटत नाही. पण लहान तळ्यात बोटुकली सोडणं आणि परत पकडणं सोपं. सागरात सोडलेली बोटुकली सापडली तर सापडली.

किनाऱ्यावर मोजणी आहे, फी नाही

कोकण किनाऱ्यावर मासे मोजले जातात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (स्थापना १९४७, मुख्यालय कोची) देशभरच्या बंदरांवर नमुना पद्धतीने आवक टिपते. पद्धत साधी आहे: बंदरावर त्या दिवशी आलेल्या बोटी थोड्या असतील तर सगळ्या तपासायच्या, जास्त असतील तर ठराविक अंतराने एकेक. खर्च मात्र केंद्राच्या तिजोरीतून, मासळीवरच्या फीतून नाही. ससून डॉकच्या कोळिणीने त्यासाठी वेगळा रुपया मोजलेला नाही. न्यूझीलंडने १९९४मध्ये नेमकं उलट केलं. संशोधन आणि देखरेखीचा खर्च मासेमारी उद्योगाकडून वसूल करायला सुरुवात केली. तेव्हा आरडाओरडा झाला, पण पद्धत टिकली.

२०० रुपये दंड

१८९७च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारण्यावर बंदी घातली. शिक्षा दोन महिने कैद किंवा २०० रुपये दंड. त्या काळी २०० रुपये म्हणजे जमीन विकायची पाळी. महाराष्ट्राने पुढे १९६०चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला. आज उजनीवर भांडण सुरुंगाचं नाही, वडापचं आहे. वडाप म्हणजे बारीक आसाचं लांबच लांब जाळं, ज्यातून बोटभर पिल्लूही सुटत नाही. काठावरचे भोई बांधव त्याच्याविरुद्ध सारखे ओरडत आलेत, कारवाया होतात आणि जाळी पुन्हा पडतात. पिल्लू पावशेराचं होण्याआधीच उचललं तर पुढच्या हंगामाला काय, हा त्यांचा सवाल साधा आहे.

लिलावात दडलेली गणती

आणि इथे बाजार समितीची वही कामाला येते. लिलावात मासा जातीनुसार वेगळा होतो आणि आकारानुसारही, कारण मोठ्या माशाला चढा भाव. म्हणजे कोणत्या जातीचा किती किलो, मोठा किती, बारका किती, ही माहिती व्यापारी रोज सकाळी स्वतःच्या फायद्यासाठी तयार करतो, फुकटात. राहू-कटल्याच्या खवल्यांवर तर वयाची कडीही असतात. मासा सोलणारा रोज शेकडो जन्मदाखले गटारात टाकतो.

देखरेखीच्या पाच पैशांत आणखी पाच घातले तर आपल्या चार हजारांवर खरेदीदाराला दोनच रुपये जास्त पडतील. तेवढ्यात एक माणूस काट्याशेजारी फूटपट्टी घेऊन उभा करता येईल. त्याने दर दहाव्या क्रेटमधल्या माशांची लांबी घ्यावी आणि पावतीवर एक रकाना वाढवावा: मासा कोणत्या काठाचा. मग कर्जतच्या पाण्यातली चिलापी दरसाल बारीक होत चाललीय की नाही, हे वडापवरच्या पुढच्या बैठकीत आकड्यानिशी सांगता येईल.